मशागत व फेरपालट : काळ्या जमिनीच्या घडणीवरील परिणाम

दख्खनच्या पठारावरील भारी काळ्या जमिनीत चिकणमाती बहुधा ४० ते ६० टक्के असते, आणि तिच्यात ओलीने फुगणारी स्मेक्टाइट खनिजे मुख्य असतात. पावसाळ्यात जमीन फुगून चिकट होते, उन्हाळ्यात आकसून तिला खोल भेगा पडतात. त्यामुळे घनता, सच्छिद्रता आणि पाणी मुरण्याचा वेग ओलाव्यानुसार बदलतात. ओलावा न नोंदवता मोजलेल्या घनतेला इथे फारसा अर्थ नाही.

मशागतीत खोलीपेक्षा वेळ महत्त्वाची. मुठीत दाबलेला गोळा खाली टाकताच फुटला, तर वापसा आला असे समजतात. त्याआधी नांगर घातला की तासातली माती चोपली जाऊन चकाकते आणि वाळल्यावर तिची न फुटणारी ढेकळे होतात. भेगाळणारी जमीन बरेचसे काम स्वतःच करते. वऱ्हाडात पूर्वी दरसाल नांगरट न करता वखरावर भागवत, ते याच कारणाने शहाणपणाचे होते. एकाच खोलीवर सतत नांगरल्यास, त्यात ट्रॅक्टरचे वजन पडल्यास, खाली कठीण थर बसतो. तिथे कपाशीचे सोटमूळ आडवे वळलेले दिसते. हा थर सबसॉयलरने फोडायचा तर जमीन कोरडी हवी. ओलीत तो फुटत नाही, नुसता चिरला जातो. रोटाव्हेटरच्या अतिवापराने वरच्या कणांची रचना मोडते आणि पावसाच्या माऱ्याने पृष्ठभाग दबून बसतो.

फेरपालटीचा परिणाम मुळांवाटे होतो. तुरीची मुळे खोल जातात व कुजल्यावर पाण्याला वाटा ठेवतात. ज्वारीची तंतुमुळे मातीचे कण बांधून धरतात. उसावर ऊस घेत राहिल्यास सततचे पाणी आणि तोडणीच्या वेळची जड वाहने जमीन दाबतात. मधे ताग किंवा धैंचा गाडल्याने घडण सुधारते.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे इक्रिसॅटने १९७६ पासून चालवलेल्या दीर्घकालीन प्रयोगात रुंद वरंबा-सरी व ज्वारी-तुरीसारखी पीकपद्धती असलेल्या क्षेत्राची तुलना खरिपात पडीक ठेवून फक्त रब्बी घेण्याच्या रूढ पद्धतीशी केली गेली. सुधारित क्षेत्रात घनता कमी आणि पाणी मुरण्याचा वेग जास्त आढळला. वाहून जाणारे पाणी व मातीही घटली.

शून्य मशागतीत पहिली काही वर्षे वरचा थर बहुधा घट्ट होतो. अखंड राहिलेली मूळछिद्रे आणि गांडुळांची बिळे ही उणीव पुढे भरून काढू शकतात, पण त्यासाठी जमिनीवर काडीकचऱ्याचे आच्छादन लागते. महाराष्ट्रात कडबा जनावरांना आणि पऱ्हाटी चुलीला जाते. ही पद्धत अडते ती मुख्यतः इथेच.