बुधन कोण होता? छारानगरच्या पोरांनी उभं केलेलं नाटक

आजचा भाग एका नाटकाचा आहे. सेट नाही, भारी कपडे नाहीत, एकही स्टार नाही. विशीच्या आसपासची पोरंपोरी एकत्र आली आणि आपल्याच वस्तीत त्यांनी ते केलं. तारीख ३१ ऑगस्ट १९९८. ठिकाण अहमदाबादचं छारानगर. नाटकाचं नाव ‘बुधन’.

आता तारीख लक्षात ठेवा आणि माझ्याबरोबर थोडं मागे चला.

१८७१ साली इंग्रजांनी एक कायदा केला, गुन्हेगार जमाती कायदा. त्यात काही जमातींच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तुम्ही काय केलंय हा प्रश्नच नव्हता, कुणाच्या पोटी जन्मलात एवढंच बघायचं. नाव पोलिसांच्या रजिस्टरात. रोज हजेरी. गावाबाहेर जायचं तर पास. पुढे हा कायदा मुंबई इलाख्यातही लागू झाला आणि या लोकांना कुंपणाच्या आत ठेवायला ‘सेटलमेंट’ उभ्या राहिल्या. आपल्या सोलापुरातही अशी तारेच्या कुंपणाची सेटलमेंट होती. अहमदाबादच्या कडेला अशाच एका सेटलमेंटमध्ये छारा लोकांना आणून ठेवलं, त्यातून आजचं छारानगर झालं. छारा म्हणजे कोण? महाराष्ट्रात ज्यांना आपण कंजारभाट म्हणतो, त्यांचेच हे भाऊबंद.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला आणि या जमाती ‘विमुक्त’ झाल्या. कागदावर. कारण लगेच राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांसाठीचे कायदे आले आणि पोलिसांची नजर होती तिथेच राहिली. नोकरीच्या अर्जावर पत्ता ‘छारानगर’ लिहिला की पुढचं बोलणं बंद. मग बऱ्याच घरांत दारूची भट्टी लागली, काही घरांत चोरी चालली. त्याच पैशांवर पोरं शिकली. तिथले कलाकार हे लपवत नाहीत, कॅमेऱ्यासमोर सरळ सांगतात.

म्हणजे नाटक झालं ते विमुक्त होण्याला बरोबर ४६ वर्षं झाली त्या दिवशी.

पण छारानगरच्या पोरांनी स्वतःच्या नाटकाला ‘बुधन’ हे नाव का दिलं? बुधन छारा नव्हता. गुजराती नव्हता. या पोरांनी त्याला कधी पाहिलंही नव्हतं.

बुधन शबर हा पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्ह्यातला. खेडिया शबर जमातीचा, ही जमातही एकेकाळी त्याच यादीतली. १० फेब्रुवारी १९९८ ला तो बायकोबरोबर, श्यामलीबरोबर, बाहेर पडला होता. पानाच्या टपरीवर थांबला आणि पोलिसांनी त्याला तिथूनच उचललं. १७ फेब्रुवारीला पुरुलियाच्या तुरुंगात तो मेला. सांगितलं गेलं, गमछ्याने गळफास घेतला. गावकऱ्यांचा विश्वास बसला नाही. त्यांनी काय केलं ऐका: लोकांसमोर पुतळा जाळला आणि खरा देह घराजवळ पुरून ठेवला, म्हणजे पुन्हा तपासणी करता येईल. महाश्वेतादेवी ज्या शबर संघटनेबरोबर काम करत होत्या, ती संघटना कोलकाता उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने सीबीआय चौकशीचा आणि श्यामलीला भरपाई देण्याचा आदेश दिला.

त्याच वर्षी महाश्वेतादेवी, मूळचे भोरचे भाषाअभ्यासक गणेश देवी आणि ‘उचल्या’चे लेखक लक्ष्मण गायकवाड यांनी मिळून विमुक्त-भटक्यांच्या हक्कांसाठी एक गट सुरू केला. महाश्वेतादेवी आणि देवी छारानगरला आले, तिथे लायब्ररी सुरू झाली. पुस्तकांबरोबर बुधनच्या खटल्याचा निकालही पोरांच्या हाती पडला. दक्षिण बजरंगे या तरुणाने त्यावरून नाटक लिहिलं आणि सगळ्यांनी मिळून ते बसवलं.

मी या जागी अडकले. आपण म्हणतो, ‘स्वतःच्या अनुभवातून नाटक करा’. मग इतक्या दूरच्या, न पाहिलेल्या माणसाचं नाटक हा ‘स्वतःचा अनुभव’ कसा?

विचार करा. टपरीवरून उगाच उचलणं, न केलेल्या चोरीची कबुली मागणं, ठाण्याबाहेर ताटकळणारी बायको. निकालपत्रातली कुठली ओळ या पोरांना समजावून सांगावी लागणार होती? पोलीस दारात कसा उभा राहतो, शिवी कुठल्या सुरात देतो, आई कशी मध्ये पडते, हे ती लहानपणापासून बघत आली होती. कथा बुधनची होती, पण अंगावरचे वळ घरचे होते. त्यातून एक गोष्ट झाली. ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं एकट्या छारांनी म्हटलं असतं तर लोक म्हणाले असते, चोरच ते, बोलणारच. बुधनचं नाव घेतल्यावर तो एका वस्तीपुरता मामला उरला नाही.

नाटकानंतर या गटाचं नाव पडलं ‘बुधन थिएटर’. पुढचं एक नाटक तर थेट आपल्या दारातलं. पिन्या हरी काळे, बारामतीचा पारधी, १९९८ मध्येच पोलीस कोठडीत मेला. त्याच्या मृत्यूवर नाटक केलं ते छारानगरच्या पोरांनी. आपल्याकडे किती जणांना हे नाव माहीत आहे? मला हा भाग करेपर्यंत माहीत नव्हतं.

या गटावर ‘ॲक्टिंग लाइक अ थीफ’ (२००५) आणि ‘प्लीज डोन्ट बीट मी, सर!’ (२०११) असे दोन माहितीपट झाले. वस्तीतून कलाकार, पत्रकार, वकील निघाले. आणि तरीही जुलै २०१८ मध्ये एका रात्री पोलीस छारानगरमध्ये शिरले. वकिलांना आणि फोटोपत्रकारालाही मारहाण झाल्याच्या तक्रारी आल्या. वीस वर्षं नाटक करून वस्तीचा पत्ता पुसला गेला नव्हता.

मग नाटकाने काय केलं? माझ्यापुरतं उत्तर असं: पोलिसांच्या रजिस्टरात या लोकांबद्दल शंभर वर्षं दुसऱ्यांनी लिहिलं. ३१ ऑगस्ट १९९८ ला त्यांनी स्वतःची नोंद स्वतःच्या तोंडाने केली, आणि सुरुवात केली ती दुसऱ्याच्या दुःखापासून.

तुमच्या घरात, वस्तीत कुणी सेटलमेंटच्या, हजेरीच्या आठवणी सांगत असेल तर आजच फोनचा रेकॉर्डर चालू करा. आधी परवानगी विचारा, मग फक्त ऐका. नाटक नंतर होईल.

भेटू पुढच्या भागात.