भिंतीवरचा परवाना

टेंभुर्णीत मेडिकलवर जाऊन 'दादा, तापाची गोळी द्या' म्हणायचं, गोळी पदरात बांधायची आणि घरी यायचं, ही आपली सवय. दुकानाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक कागद असतो, त्याकडे बघतं कोण? तो औषधविक्रीचा परवाना. त्या कागदामागची हकीकत आज आम्ही सांगणार आहोत.

शंभर वर्षांपूर्वी हिवतापावर कोयनेल हेच औषध होतं आणि बाजारात त्यातही भेसळ चाले. तक्रारी वाढल्या तेव्हा १९३० साली सरकारने कर्नल रामनाथ चोप्रा यांची समिती नेमली. तिच्या शिफारशींवर कायदा व्हायला १९४० उजाडलं. तोही इंग्रजांच्या मुलखापुरता. आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. मराठवाडा १९४८ ला मोकळा झाला, त्यानंतर तो कायदा आपल्याकडे आला. औषध देणारा माणूस शिकलेला आणि नोंदणी झालेला असावा, हे सांगणारा फार्मसी कायदाही १९४८ चाच.

पण कायदा असूनही काय होतं, ते १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दिसलं. डोळ्यातला किंवा मेंदूतला दाब कमी करायला रोग्यांना ग्लिसरॉल पाजत. त्या वेळी आलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल होतं. हे कारखान्यात वापरायचं रसायन, चवीला गोडसर, म्हणून पिणाऱ्याला संशय येत नाही. रोग्यांची मूत्रपिंडं बंद पडली आणि चौदा जण गेले. बरं व्हायला आलेली माणसं होती ती! अमेरिकेत १९३७ साली याच रसायनाने शंभरावर माणसं दगावली होती, म्हणजे धोका ठाऊक नव्हता असंही नाही. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली. रुग्णालयाची खरेदी, मंत्रालय, औषध प्रशासन, सगळ्यांवर ताशेरे ओढले. आमच्या मते यातली सगळ्यात बोचरी गोष्ट हीच, की तपासायला माणसं नेमलेली होती.

तपासणी म्हणजे नेमकं काय? औषध निरीक्षक दुकानात येतो. फार्मासिस्ट हजर आहे का, मुदत संपलेला माल वेगळा ठेवलाय का, इन्सुलिनचा फ्रिज २ ते ८ अंशांत आहे का, हे बघतो. काही अँटिबायोटिक आणि झोपेच्या औषधांसाठी २०१४ पासून वेगळी वही आहे. तीत डॉक्टरचं आणि रोग्याचं नाव लिहायचं, वही तीन वर्षं जपायची. संशय आला तर निरीक्षक नमुना घेतो, तोही फुकट नाही, किंमत देऊन. त्याचे चार भाग करून सील लावतो. एक दुकानदाराला, एक सरकारी प्रयोगशाळेला, एक कोर्टासाठी आणि एक औषध जिथून आलं त्याच्यासाठी. पुढे कुणी 'नमुना बदलला' म्हणू नये म्हणून ही तजवीज.

निरीक्षक रोज येत नाही. आपण मात्र जातो. आमच्यातली एक जण सासूबाईंच्या बीपीच्या सहा-सहाच गोळ्या आणते. दोनदा पट्टी अशी कापून मिळाली, की तारखेचा तुकडा दुकानातच राहिला. तिसऱ्या वेळी तिने बिल मागितलं आणि त्यावर बॅच नंबर, मुदतीची तारीख लिहायला सांगितली. मेडिकलवाले दादा आधी कुरकुरले, गर्दी आहे म्हणाले. ती बाजूला उभी राहिली. गर्दी ओसरल्यावर दादांनी लिहून दिलं.