पदविकेच्या पायरीवरून पदवीकडे
दहावीनंतरची तीन वर्षे वाया जाऊ नयेत, यासाठी थेट द्वितीय वर्ष प्रवेशाचे नियम आणि तयारी

प्रतिनिधी

पुणे : मुळशी तालुक्यातील मारुंजी हे एके काळी शेतीवर जगणारे गाव. हिंजवडीचे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान शेजारी उभे राहिले आणि गावाचे रूप पालटले. अलार्ड शैक्षणिक संकुलही याच गावात आहे. या पट्ट्यातील आणि लगतच्या पिंपरी-चिंचवडमधील अनेक कुटुंबांपुढे दहावीच्या निकालानंतर एकच प्रश्न उभा राहतो. मुलाला अकरावी-बारावीला घालायचे की तंत्रनिकेतनात? तंत्रनिकेतनातील तीन वर्षांच्या पदविकेनंतर नोकरीचा मार्ग खुला होतो. पुढे शिकायचे असल्यास अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो.

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून, सामान्य शिक्षणाचे विषय तेथेच पूर्ण करून विद्यापीठात जाण्याची पद्धत परदेशस्थ नातेवाइकांमुळे अनेकांना ठाऊक आहे. महाराष्ट्रात तिच्या सर्वांत जवळचा मार्ग पदविकेचा आहे. दोन्हीकडे खरा प्रश्न सारखाच : आधी शिकलेले किती मोजले जाणार आणि काय राहून जाणार?

पात्रता

पदविका अभ्यासक्रमांची परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळ घेते. थेट द्वितीय वर्षासाठी अभियांत्रिकी पदविकेत किमान ४५ टक्के गुण आवश्यक आहेत. मागासवर्गीय उमेदवारांसाठी ही अट ४० टक्क्यांची आहे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या नियमांनुसार कोणत्याही शाखेचा पदविकाधारक पदवीच्या दुसऱ्या शाखेसाठीही पात्र ठरू शकतो. बारावीला गणित घेतलेल्या बी.एस्सी. पदवीधरांनाही हा मार्ग खुला आहे. मात्र त्यांना अभियांत्रिकी आरेखन आणि अभियांत्रिकी यामिकी हे प्रथम वर्षाचे विषय दुसऱ्या वर्षाबरोबर उत्तीर्ण व्हावे लागतात.

या प्रवेशासाठी स्वतंत्र सामायिक प्रवेश परीक्षा द्यावी लागत नाही. गुणवत्ता यादी पदविकेतील गुणांवर ठरते. त्यामुळे शेवटच्या वर्षातील प्रत्येक गुण मोलाचा ठरतो. एखादा विषय राहिला असेल, तर तो उत्तीर्ण होईपर्यंत प्रवेशाचा विचार होत नाही आणि वर्ष हातचे जाते.

जागा आणि प्रक्रिया

मंजूर प्रवेशक्षमतेच्या १० टक्के अतिरिक्त जागा थेट द्वितीय वर्षासाठी असतात. पहिल्या वर्षात रिकाम्या राहिलेल्या जागांचीही त्यांत भर पडते. मागणी असलेल्या शाखांत पहिल्या वर्षाच्या जागा भरलेल्या असल्याने चुरस तीव्र असते. इतर शाखांत ती तुलनेने कमी असते.

प्रवेश राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्षाच्या केंद्रीभूत प्रक्रियेतून होतात. ऑनलाइन नोंदणी, कागदपत्रांची पडताळणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी, पसंतीक्रम आणि त्यानंतर फेऱ्या असा तिचा क्रम आहे. पहिल्याच पसंतीची जागा मिळाली, तर ती अंतिम मानली जाते. म्हणून जे महाविद्यालय किंवा शाखा खरोखर नको आहे, ती यादीत वर लिहू नये.

कागदपत्रांतील त्रुटी महागात पडते. जातीच्या प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. इतर मागासवर्ग आदी प्रवर्गांना नॉन-क्रिमीलेयर प्रमाणपत्रही लागते. ते मुदतीत दिले नाही, तर उमेदवाराचा विचार खुल्या प्रवर्गातून होतो. ही प्रमाणपत्रे मिळण्यास वेळ लागत असल्याने पदविकेच्या पाचव्या सत्रातच अर्ज केलेला बरा.

शुल्काचा प्रश्न

केंद्रीभूत फेरीतून मिळालेला प्रवेश आणि संस्था स्तरावर घेतलेला प्रवेश यांत मोठा फरक आहे. शासनाच्या शुल्क सवलतींचा लाभ केंद्रीभूत प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्यांना मिळतो. आठ लाख रुपयांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींसाठी जुलै २०२४ मध्ये शासनाने पूर्ण शुल्क सवलतीचा निर्णय घेतला. तोही याच प्रक्रियेशी जोडलेला आहे. घाईने संस्था स्तरावर जागा घेणाऱ्या कुटुंबाला तीन वर्षे पूर्ण शुल्क भरावे लागू शकते.

राहून गेलेले गणित

थेट दुसऱ्या वर्षात येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षाचे विषय माफ होतात. मात्र त्या विषयांचे ज्ञान गृहीत धरूनच पुढचा अभ्यासक्रम आखलेला असतो. सर्वांत मोठी दरी गणितात जाणवते. पदविकेत गणिताचा भर मूलभूत कलन, साधी विकल समीकरणे आणि उपयोजनावर असतो. पदवीच्या पहिल्या वर्षात आंशिक विकलन, बहुविध संकलन आणि सारणीची आयगेन मूल्ये येतात. दुसऱ्या वर्षात अनेक शाखांना उच्च कोटीची विकल समीकरणे, लाप्लास आणि फूरिये रूपांतरे व सदिश कलन शिकावे लागते. पाया नसताना हा भार पेलणे कठीण जाते.

त्यात प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या, तर दुसऱ्या वर्षाचे वर्ग आधीच सुरू झालेले असतात. विद्यापीठांनी या विद्यार्थ्यांसाठी गणित, भौतिकशास्त्र, आरेखन आदी विषयांचे सेतू अभ्यासक्रम घ्यावेत, असे परिषदेच्या नियमांत नमूद आहे. महाविद्यालयात तो कधी आणि किती तासांचा असतो, हे प्रवेशापूर्वीच विचारावे. पदविकेचा निकाल आणि पहिली फेरी यांमधील आठवडे पहिल्या वर्षाच्या गणिताला दिल्यास तिसरे सत्र पुष्कळ सोपे जाते. प्रात्यक्षिके, कार्यशाळा आणि आरेखन यांत मात्र पदविकाधारकांची तयारी बारावीहून आलेल्या विद्यार्थ्यांपेक्षा सहसा सरस असते.

श्रेयांकांची बँक

कला, वाणिज्य आणि विज्ञान शाखांतही आता शिक्षणसंस्था बदलण्याची सोय विस्तारत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम लागू केले. विद्यार्थ्याच्या खात्यात मिळवलेले श्रेयांक जमा होतात आणि साधारणपणे सात वर्षांपर्यंत वापरता येतात. मात्र पदवी देणाऱ्या संस्थेत किमान निम्मे श्रेयांक मिळवावे लागतात.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार राज्यात २०२३ पासून लागू झालेल्या रचनेत मुख्य विषयाखेरीज खुले वैकल्पिक विषय, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली आणि कौशल्य विषय यांचेही श्रेयांक ठरलेले आहेत. संस्था बदलताना मुख्य विषयाचे श्रेयांक जुळले, तरी या इतर गटांतील कमतरता पुढे भरून काढावी लागू शकते. अर्ज करण्यापूर्वी गटनिहाय श्रेयांकांचा तक्ता करून तो नव्या संस्थेच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहावा.

अमेरिकेतील कॅलिफोर्नियाने ही अडचण एका समान यादीने सोडवण्याचा प्रयत्न केला. २०२५ च्या शरद सत्रापासून तेथील कम्युनिटी कॉलेजांच्या विद्यार्थ्यांसाठी ११ विषय आणि ३४ श्रेयांकांचा एकच सामान्य शिक्षण आराखडा लागू झाला. राज्यातील दोन्ही सार्वजनिक विद्यापीठ समूह तो मानतात. महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला मात्र ही जुळवाजुळव बरीचशी स्वतःच करावी लागते.

थोडक्यात लक्षात ठेवावे

- पदविकेच्या शेवटच्या वर्षात एकही विषय मागे राहू देऊ नये.
- जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर व अधिवास प्रमाणपत्रांचे अर्ज वेळेत करावेत.
- संस्था स्तरावर जागा घेण्यापूर्वी शुल्क सवलतीचे गणित मांडावे.
- सेतू अभ्यासक्रमाची चौकशी महाविद्यालयात प्रत्यक्ष जाऊन करावी.
- वेळापत्रक आणि नियम दर वर्षी बदलू शकतात. त्या वर्षाची अधिकृत माहितीपुस्तिकाच प्रमाण मानावी.

पदविकेचा मार्ग कमीपणाचा, हा समज आता मागे पडला पाहिजे. हातात कौशल्य घेऊन पदवीच्या वर्गात येणारा विद्यार्थी उद्योगांना हवाच असतो. त्याच्या तीन वर्षांच्या कष्टांचे मोल एखाद्या कागदापायी किंवा न शिकलेल्या गणितापायी कमी होऊ नये, एवढी दक्षता विद्यार्थ्याने आणि पालकांनी वेळीच घ्यायला हवी.