ड्रॅगनच्या सवयी कुणी पाहिल्या?

गेल्या मे महिन्यात भाचा सुट्टीला आला, तेव्हा त्याच्या बॅगेत कपड्यांपेक्षा पुस्तकं जास्त होती. सगळी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाची. पाच-सहा जणांनी टेबलाभोवती बसायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची, बाकीच्यांनी त्यातली पात्रं व्हायचं आणि वार लागला की हुकला ते फाशांवर ठरवायचं, असा हा खेळ. त्यातलं प्राण्यांचं पुस्तक मी सहज चाळायला घेतलं आणि रात्री दोनपर्यंत खाली ठेवलं नाही. पुढे त्याची १९७७ सालची मूळ आवृत्तीही मिळवून वाचली.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी १९७४ साली हा खेळ प्रसिद्ध केला. त्यात ड्रॅगन एकच नाही, त्याच्या जाती आहेत. पांढरा बर्फाळ मुलखात राहतो आणि गारठा फुंकतो. काळा दलदलीत राहतो, तो आम्ल ओकतो. हिरवा रानात राहतो आणि विषारी वायू सोडतो. निळा वाळवंटातला, त्याच्या तोंडून वीज निघते. तांबडा डोंगरातल्या गुहेत राहतो, आग ओकतो आणि धनाचा विलक्षण लोभी असतो. वयाच्या आठ पायऱ्या आहेत. पाच वर्षांपर्यंतचं पिल्लू पहिल्या पायरीवर, चारशेच्या पुढचा शेवटच्या. तो बोलू शकेल का आणि आपण गुहेत शिरू तेव्हा झोपलेला असेल का, याची टक्केवारीही दिली आहे. सर्वांत झोपाळू पांढरा.

‘‘हे सगळं यांना कुणी सांगितलं रे?’’ मी भाच्याला विचारलं.

‘‘कुणी कशाला सांगायला हवं, मामा? बनवलंय.’’

उत्तर बरोबर होतं, पण माझं समाधान झालं नाही. नावं तर निश्चितच बनवलेली नव्हती. दुष्ट ड्रॅगनांची पाच तोंडांची राणी तियामत ही मूळची बाबिलोनची. ‘एनुमा एलिश’ या सात मृत्तिकापाट्यांवरच्या सृष्टिकथेत ती खाऱ्या समुद्राची आदिमाता आहे आणि मार्दुक देव तिचा वध करतो. तिला पाच तोंडं असल्याचं त्या पाट्या कुठेच सांगत नाहीत. सज्जन ड्रॅगनांचा राजा बहामूत हा अरबी विश्ववर्णनांत पृथ्वीच्या भाराखालचा प्रचंड मासा आहे. त्याच्याही मागे बायबलमधला गवत खाणारा बेहेमोथ उभा आहे. म्हणजे नावं जुनी, अंगं नवी. मग सवयींचं काय? प्राण्याचं राहणं, खाणं, झोपणं मांडण्याची ही पद्धत कुठून आली?

ती शोधत मागे गेलो, आणि गंमत म्हणजे वाट आपल्याच देशात आली. रोमन लेखक प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात सदतीस भागांचा सृष्टिवर्णनाचा ग्रंथ लिहिला. त्याच्या आठव्या भागात तो सांगतो, की सर्वांत मोठे हत्ती भारतात होतात आणि त्यांच्याशी अखंड वैर धरणारे ड्रॅगनही तिथेच होतात. हत्तीचं रक्त थंड असतं, म्हणून उन्हाळ्यात ड्रॅगन ते पिण्यासाठी त्याला विळखा घालतो. हत्ती कोसळतो, त्याच्या वजनाखाली ड्रॅगन चिरडतो आणि दोघेही मरतात. वैर आहे, त्याचं कारण आहे, ऋतूही आहे. अविश्वासाला जागाच ठेवलेली नाही.

तिसऱ्या शतकातला ग्रीक लेखक फिलोस्ट्राटस त्याच्याही पुढे जातो. अपोलोनियस या तत्त्वज्ञाच्या चरित्रात त्याने नायकाला तक्षशिलेवरून भारतात आणलं आहे, आणि इथल्या ड्रॅगनांचे राहण्याच्या जागेवरून प्रकार पाडले आहेत. दलदलीतले सुस्त, तीस हात लांब, पाठीने काळे, डोक्यावर तुरा नसलेले. सपाटीवरचे चपळ. डोंगरातले सोनेरी खवल्यांचे आणि दाढीवाले. त्यांच्या मस्तकात रत्न असतं. शिकारी लाल वस्त्रावर सोन्याची मंत्राक्षरं भरून ते बिळापुढे अंथरतात. ड्रॅगनला झोप लागते आणि मग कुऱ्हाड चालते. दलदलीतला काळा, डोंगरातला मौल्यवान, आणि झोपेत गाठायचा! गायगॅक्स यांनी फिलोस्ट्राटस वाचला होता, असं मला म्हणायचं नाही. पण नोंदीचा साचा तोच आहे.

मस्तकातलं रत्न आपल्याला परकं नाही. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त मोत्यांच्या प्रकरणात नागापासून मिळणाऱ्या मोत्याचा उल्लेख आहे. पुरलेल्या धनावर भुजंग बसलेला असतो, हे आपल्या गावोगावी अजून सांगतात. हा सारा मजकूर निव्वळ कल्पनेतून आला, असंही समजू नये. हिमालयाच्या पायथ्याला शिवालिकच्या टेकड्यांत नामशेष झालेल्या अवाढव्य प्राण्यांची हाडं सापडतात. फाल्कनर आणि कॉटली यांनी १८३६ मध्ये तिथल्याच एका जिराफकुळातल्या प्राण्याला ‘शिवथेरियम’ हे नाव दिलं. फिलोस्ट्राटसने डोंगरपायथ्याच्या एका नगरात ड्रॅगनांच्या कवट्या जपून ठेवल्याचं लिहिलं आहे. त्या अशाच जीवाश्मांच्या असाव्यात, असं एड्रियन मेयर या अभ्यासिकेचं मत आहे, आणि मला ते पटतं. हाड खरं होतं. सवयी माणसाने जोडल्या.

युरोपात हे वर्णन ग्रंथामागून ग्रंथांत उतरत गेलं. एडवर्ड टॉप्सेल या इंग्रज धर्मोपदेशकाच्या १६०८ च्या सर्पग्रंथात ड्रॅगन इतर सापांच्याच रांगेत आहे. ही रांग मोडली ती लिनियसच्या काळात. १७३५ साली तो हॅम्बुर्गला गेला असताना तिथे सात तोंडांचा एक भुसा भरलेला राक्षस मोठ्या किमतीला विकायला होता. लिनियसने जवळ जाऊन पाहिलं. जबडे आणि पाय मुंगसासारख्या एका लहान प्राण्याचे, अंगावर सापांची कातडी चिकटवलेली. त्याने तसं जाहीर केलं, किंमत कोसळली, आणि मालकांच्या रागाला भिऊन त्याने गाव सोडलं.

हे वाचताना मला माझी स्वतःची गोष्ट आठवली. तिशीत असताना मी नागमण्यावर एक लेख लिहिला होता. एका म्हाताऱ्या गारुड्याने मण्याचा रंग सांगितला, तिथी सांगितली, नाग तो कुठे ठेवून चरायला जातो ते सांगितलं, आणि नागाच्या डोक्यातून मणी काढून माझ्या हातावरही ठेवला. इतका तपशील खोटा कसा असेल, असं मला वाटलं. लेख छापून आल्यावर एका सर्पमित्राने मला समोर बसवून समजावलं, की नागाच्या डोक्याच्या कातडीला चीर देऊन आत खडा बसवतात आणि जखम भरली की तो ‘काढून’ दाखवतात. मी जवळ जाऊन पाहिलंच नव्हतं. तो अंक मी टाकला नाही. कपाटात वरच ठेवला आहे. काही नवं लिहायला घेतलं की नजरेला पडतो.

म्हणून भाच्याचं ‘बनवलंय’ मला आता वेगळं ऐकू येतं. प्लिनीचा तपशील वाचकाचा विश्वास मिळवण्यासाठी होता. खेळाच्या पुस्तकातला तपशील सहा जणांना एकाच गुहेत, एकाच नियमाने वावरता यावं यासाठी आहे. काळा ड्रॅगन आम्लच ओकणार, हे सगळ्यांनी मिळून मान्य केलेलं आहे. त्यात कुणाची फसवणूक नाही. साचा तोच, पण मधल्या काळात माणूस एक गोष्ट शिकला, की नेमकं वर्णन हा पुरावा नव्हे. ज्यांना वाचनालयातल्या कपाटांनीच शिकवलं, त्या माझ्यासारख्यांना हे शिकायला जरा उशीरच लागतो.

लिनियसने ड्रॅगनला प्राणिशास्त्रातून घालवलं, पण नाव वाया जाऊ दिलं नाही. १७५८ च्या आवृत्तीत ‘ड्राको’ हे नाव उडत्या सरड्यांच्या कुळाला दिलेलं आहे. त्यातली एक जात आपल्या पश्चिम घाटात राहते. सुपारीच्या बागांतही ती दिसते. जेमतेम वीतभर अंग, फासळ्यांवर ताणलेला पडदा. त्यावर तरंगत एका खोडावरून दुसऱ्या खोडावर जायचं आणि मुंग्या खायच्या. मादी जमिनीवर उतरते ती बहुधा अंडी घालण्यापुरती. या सवयी मात्र माणसांनी झाडाखाली तासन् तास उभं राहून पाहिलेल्या आहेत. दिवाळीनंतर भाच्याला घेऊन गोव्याकडच्या एखाद्या सुपारीच्या बागेत जायचं ठरवलं आहे.