मोर्शी ते अमरावती, टोचन करून

मोर्शी तालुक्यात मोटार यायच्या आधी बंडी होती, आणि बंडी मोडली तर ती नीट करणारा माणूस गावातच राहत होता. आरा तुटला किंवा तुंबा फुटला तर सुतार, चाकावरची लोखंडी धाव सैल झाली तर लोहार. धाव लालबुंद तापवायची, चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. लोखंड आवळत जातं आणि लाकूड गच्च धरतं. या कामाचे पैसे त्या दिवशी कोणी मागत नसे. खळ्यावर ज्वारीची रास पडली की सुतार-लोहार आपलं बलुतं घेऊन जात. वर्षभराच्या दुरुस्तीचा मोबदला असा धान्यात ठरलेला होता, आणि काम कच्चं निघालं तर त्याच शेतकऱ्यासमोर पुढच्या सुगीला उभं राहायचं होतं. ही रीत न्यायाची होती असं कोणी म्हणू नये. बलुतेदाराला ‘नाही’ म्हणायची सोय नव्हती, आणि बलुतं किती द्यायचं हे ठरवताना त्याची जात मोजली जायची. पण बिघाड कुणी निस्तरायचा, या प्रश्नाला गावात उत्तर होतं. मोटारीने तो प्रश्न नव्याने उभा केला.

मोर्शीच्या बाबतीत त्याला भूगोलाचीही साथ मिळाली. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 मध्ये नागपूरला पोचली, बडनेऱ्यावरून अमरावतीला फाटा निघाला, कापसाच्या गाठी मुंबईकडे धावू लागल्या. मोर्शी-वरूडचा पट्टा मात्र या रुळांपासून दूरच राहिला. अमरावती-नरखेड मार्गावर गाडी धावली ती एकविसाव्या शतकात. तोवर कापूस, संत्री, वऱ्हाडी मंडळी आणि दवाखान्याला निघालेला रोगी, सगळ्यांची भिस्त रस्त्यावर. अमरावती पन्नास-पंचावन्न किलोमीटर. गाडी मध्येच उभी राहिली तर झाडाखाली बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पाहणं, एवढंच हाती.

साऱ्या हिंदुस्थानाला लागू होणारा मोटारींचा पहिला कायदा 1914 चा. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली 1928 मध्ये. त्या काळची गाडी खरेदी करणारा मालगुजार, वकील किंवा जिनिंगवाला गाडीबरोबर एक माणूसही पदरी ठेवायचा. ड्रायव्हर म्हणजे अर्धा मिस्त्री असंच गृहीत असे. सर्व्हिस मोटारीवरचा क्लीनर हँडल मारायचा, रेडिएटरमध्ये पाणी भरायचा, पंक्चर काढायचा आणि काही वर्षांत स्वतःच ड्रायव्हर व्हायचा. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलवर रेशनिंग आलं तेव्हा बसच्या पाठीला भट्टी बांधून कोळशाच्या वायूवर गाड्या चालवल्या गेल्या. असल्या गाडीच्या बिघाडाची हमी कोण देणार? भट्टी पेटवणाराच तिचा डॉक्टर.

कागदावरची हमी तोवर परदेशात जन्मली होती, पण तीही गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी नव्हे. अमेरिकेतल्या मोटार उत्पादकांनी मिळून एक सामाईक मसुदा ठरवला होता: 90 दिवस किंवा 4,000 मैल, यातलं जे आधी संपेल ते. भाग सदोष निघाला तर ग्राहकाने तो स्वतःच्या खर्चाने कारखान्यात पाठवायचा, कारखान्याला पटलं तर नवा मिळायचा. बाकी कसलीही जबाबदारी कंपनीवर नाही, हे वाक्य त्याच कागदावर बारीक टायपात. 1955 च्या मे महिन्यात न्यू जर्सीतल्या एका गृहस्थाने बायकोसाठी प्लायमाउथ घेतली. दहाव्या दिवशी, जेमतेम 468 मैल झालेले असताना, स्टिअरिंगने दगा दिला आणि गाडी भिंतीवर आदळली. कंपनीने तो बारीक टाइप पुढे केला. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये तो धुडकावला. सगळेच उत्पादक एकच मसुदा पुढे करत असतील तर गिऱ्हाइकाने सौदा करायचा कुणाशी, असा त्या निकालाचा रोख होता.

प्लायमाउथ आपल्याकडेही जोडली जात होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात 1947 पासून गाड्या बांधायला घेतल्या. पुढे तिथूनच फियाट आली आणि 1974 च्या सुमाराला तिची ‘पद्मिनी’ झाली. बंगालात उत्तरपाड्याला 1957 पासून अँबॅसेडर निघू लागली. मोटार म्हणजे ही दोन नावं, असा काळ पुढे जवळपास पाव शतक टिकला.

त्या पाव शतकात वॉरंटी होती, पण तिचा उपयोग करणारा माणूस दाखवा म्हटलं तर पंचाईत. गाडीसाठी आधी नाव नोंदवायचं, अनामत भरायची, वर्षानुवर्षं वाट पाहायची. इतक्या नवसाने आलेली गाडी दारात उभी राहिल्यावर ‘ही परत घ्या’ म्हणायची छाती कुणाची? मागे रांग उभीच होती. नव्या गाडीचे नटबोल्ट आवळून घ्यायला, दारं बसवून घ्यायला लोक ती थेट ओळखीच्या मिस्त्रीकडे नेत. हॉर्न सोडून गाडीचं सगळं वाजतं, हा विनोद त्याच पिढीचा. तक्रारी इतक्या वाढल्या की साठच्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकारला मोटारींच्या दर्जाची चौकशी करायला समिती बसवावी लागली. कायदाही फारसा कामाचा नव्हता. 1930 च्या वस्तुविक्री कायद्यात एक पळवाट होती: ग्राहकाने विशिष्ट व्यापारी नावाने वस्तू मागितली असेल, तर ती त्याच्या कामाला योग्य असल्याची गर्भित हमी विक्रेत्यावर येत नाही. ‘फियाट द्या’ म्हणून फियाट घेतली, विषय संपला.

मग गाड्या चालायच्या कशा? मिस्त्रींच्या जिवावर. तालुक्याच्या गावी स्टँडच्या आसपास टिनाचं शेड, समोर उतरवलेली इंजिनं, हवा भरायची टाकी, भिंतीला टांगलेले पाने. मिस्त्री कुठे तयार व्हायचे? काही उस्तादाच्या हाताखाली, लहानपणापासून ‘पाना दे, जॅक लाव’ ऐकत. काही आयटीआयमधून. एसटीचा डेपो हीदेखील एक शाळा होती. महाराष्ट्रात एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुण्याहून अहमदनगरला गेली. विदर्भात तेव्हा वेगळी प्रांतिक सेवा होती, ती राज्य पुनर्रचनेनंतर एसटीत मिसळली. डेपो आला की त्यासोबत फिटर, इलेक्ट्रिशियन, टायरवाला हे सगळे कामगार गावात राहायला आले. लाल गाडी वाटेत ब्रेकडाउन झाली तर डेपोतून मेकॅनिक निघायचा. खासगी गाडीवाल्याला टोचन: दोर बांधायचा, पुढे ट्रॅक्टर, मागे स्टिअरिंग धरून बसलेला घामाघूम मालक.

या मिस्त्रीची हमी तोंडी असायची. ‘काही झालं तर घेऊन ये भाऊ’ एवढंच. रिंगा बदलल्या आणि महिन्याभरात पुन्हा धूर निघाला तर मजुरी न घेता तो इंजिन पुन्हा खोलायचा. सुट्या भागाचे पैसे मात्र मालकाचे. बनावट भाग कुठला आणि कंपनीचा कुठला, हे तोच जाणे. त्याच्यावर विसंबण्यात धोका होताच, पण तो रोज दिसणारा धोका होता.

पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी 1974 मध्ये ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा डोळ्यांसमोर मोटारी नव्हत्या. तेल, साखर, वजनमापं होती. तरीही गिऱ्हाइकाने बिल मागावं आणि ते जपून ठेवावं, ही सवय महाराष्ट्राला लावण्यात या चळवळीचा मोठा हात आहे. 24 डिसेंबर 1986 ला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. जिल्ह्याच्या गावी ग्राहक मंच आले. दिवाणी दाव्याची वर्षं न मोजता, वकील न लावताही तक्रार मांडता येईल अशी ही जागा होती.

दरम्यान 14 डिसेंबर 1983 ला पहिल्या मारुती 800 ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते ग्राहकाला देण्यात आली. 10,000 रुपये भरून लाखाहून अधिक लोकांनी नोंदणी केली होती. मारुतीने वितरकाला नुसतं दुकान काढू दिलं नाही. मागे वर्कशॉप हवंच, अशी अट घातली. मोफत सर्व्हिसिंगची कुपनं, जॉबकार्ड, शिक्का मारलेली पुस्तिका हे सगळं मध्यमवर्गाने तिथे पहिल्यांदा हाताळलं. मिस्त्रीशी बोलायची सवय असलेल्या माणसाला आता टाय लावलेला सल्लागार भेटला. गाडी आत, मालक बाहेर काचेपलीकडे.

इथे मोर्शीकराची अडचण सुरू झाली. हमीचा कागद अमरावतीत किंवा नागपुरात चालायचा. गाडी मोर्शीत बंद पडायची. पुस्तिकेतली अट स्पष्ट होती: बाहेरच्या मिस्त्रीचा हात लागला तर वॉरंटी गेली. म्हणजे शेडमधला माणूस अर्ध्या तासात जे करू शकला असता त्यासाठी गाडी टोचन करून पन्नास किलोमीटर न्यायची, तिथे जॉबकार्ड करायचं, आणि भाग मागवलाय असं ऐकून एसटीने परत यायचं. मृगाची संत्री झाडावर असताना किंवा आंबिया बहाराचा माल मंडीत न्यायच्या दिवसांत हे परवडत नाही. म्हणून कित्येकांनी हमीची मुदत चालू असतानाच गावातल्या मिस्त्रीला बोनेट उघडून दिलं. ट्रॅक्टरवाल्याचं दुखणं आणखी निराळं. त्याची हमी चाललेल्या तासांवरही मोजली जाते. पेरणीच्या तोंडावर ट्रॅक्टर वर्कशॉपमध्ये उभा राहिला की तास वाचतात आणि हंगाम जातो.

न्यायालयांनी दिलेली उत्तरं ग्राहकाला दरवेळी सुखावणारी नव्हती. क्लचच्या तक्रारीवरून जम्मूतल्या एका ग्राहकाने मारुतीविरुद्ध दिलेला लढा सर्वोच्च न्यायालयात गेला. ग्राहक आयोगाने अख्खी गाडी बदलून द्यायला सांगितलं होतं. 2006 च्या निकालात न्यायालय म्हणालं की हमीच्या अटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचं बंधन आहे, गाडी बदलण्याचं नाही. आजही कंपन्यांचे वकील हा निकाल खिशात ठेवून येतात. ‘उत्पादनातला दोष’ सिद्ध करायला तज्ज्ञाचा अहवाल लागतो, आणि तालुक्याच्या गावी असा तज्ज्ञ शोधणं हाच एक खटला.

गोव्यातलं प्रकरण दुसऱ्या बाजूचं. तिथल्या एका ग्राहकाने 2011 मध्ये टाटांची नवी गाडी घेतली. ती निघाली 2009 ची, 622 किलोमीटर आधीच चाललेली, खालच्या पत्र्याला गंज चढलेली. राष्ट्रीय आयोगाने वितरकाबरोबर कंपनीलाही जबाबदार धरलं. 18 फेब्रुवारी 2021 ला सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं: वितरक कंपनीकडून गाडी विकत घेतो, तो तिचा नोकर नाही, त्याने केलेल्या फसवणुकीत कंपनीचा हात आहे असं दाखवणारा पुरावा हवा. फलकावर नाव कंपनीचं, बिलावर सही वितरकाची, आणि भांडायचं कुणाशी हे ग्राहकाने ओळखायचं.

मिस्त्रीचा हात लागला तर हमी रद्द, या अटीला मात्र मोठा धक्का बसला. एका तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने चौकशी केली आणि 25 ऑगस्ट 2014 ला 14 मोटार कंपन्यांना मिळून 2,544.65 कोटी रुपये दंड ठोठावला. सुटे भाग आणि दोष शोधायची यंत्रं फक्त अधिकृत वर्कशॉपलाच मिळावीत अशी व्यवस्था कंपन्यांनी केली होती, हा ठपका. भाग बाहेर मिळू द्या, आणि स्वतंत्र मिस्त्रीकडे गाडी नेली एवढ्याच कारणाने सरसकट हमी नाकारू नका, असं आयोगाने बजावलं. कंपन्या अपिलात गेल्या, दंडाची रक्कम वादात अडकली. शोरूममधल्या काउंटरवर जुनं वाक्य अजूनही ऐकू येतं, त्यामुळे हा आदेश माहीत असलेला बरा.

2019 चा नवा ग्राहक कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला आणि त्यातल्या एका कलमाने मोर्शीचा बराच त्रास वाचवला. पूर्वी तक्रार साधारणपणे विक्रेता किंवा कंपनी जिथे असेल तिथे करावी लागे. नागपुरात गाडी घेतली तर तारखा नागपूरच्या. आता ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार चालते, म्हणजे अमरावतीत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीही नाही.

इकडे गाडी बदलली. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्याच विकायच्या असं ठरलं आणि पूर्वी कानाने दोष ओळखणाऱ्या मिस्त्रीसमोर सेन्सर, वायरिंग आणि पेटलेला पिवळा दिवा आला. ज्यांच्याकडे स्कॅनर आहे ते कोड वाचतात. कोड पुसताही येतो, पण काही गाड्यांत नवा भाग बसवल्यावर कंपनीचं सॉफ्टवेअर त्याला ओळखत नाही तोवर तो कामच करत नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल उघडलं. त्यात मोटारी आहेत, मोबाइल आहेत, घरातली यंत्रं आहेत आणि शेतीची अवजारंही आहेत. दुरुस्तीची माहिती, सुट्या भागांचे तपशील आणि हमीच्या अटी कंपन्यांनी तिथे मांडाव्यात अशी अपेक्षा आहे. मांडायचं किती आणि काय, हे सध्या तरी बहुतांशी कंपन्यांच्याच मर्जीवर आहे.