होमरूल : आयर्लंडचा शब्द आणि इंदूरचा प्रश्न

१९१६ सालच्या एप्रिल महिन्याचा अखेरचा आठवडा इतिहासाच्या अभ्यासकास विचार करावयास लावणारा आहे. त्या महिन्याच्या २४ तारखेस आयर्लंडच्या डब्लिन शहरात सशस्त्र उठाव झाला आणि आयरिश प्रजासत्ताकाची घोषणा करण्यात आली. त्यानंतर चारच दिवसांनी, २८ एप्रिल रोजी, बेळगाव येथे लोकमान्य टिळकांच्या पक्षाने ‘होमरूल लीग’ स्थापन केली. ज्या शब्दावरचा विश्वास आयर्लंडातील तरुण पिढीने त्या आठवड्यात टाकून दिला, तोच शब्द त्याच आठवड्यात महाराष्ट्राने आपल्या ध्वजावर लिहिला. हा निव्वळ योगायोग होता. परंतु ह्या शब्दाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा ह्या दोन्ही गोष्टी त्यातून स्पष्ट होतात.

१८०१ साली डब्लिनची पार्लमेंट बंद होऊन आयर्लंडचा कारभार लंडनहून चालू लागला. आयर्लंडच्या घरगुती कारभारापुरती तरी वेगळी पार्लमेंट असावी, ही मागणी १८७० साली आयझॅक बट यांनी संघटित स्वरूपात मांडली आणि पुढे पार्नेल यांनी तिला धार आणली. ग्लॅडस्टन यांनी १८८६ साली आणलेले पहिले विधेयक कॉमन्स सभेत ३४३ विरुद्ध ३१३ मतांनी पडले. १८९३ सालचे दुसरे विधेयक कॉमन्स सभेने मान्य केले, पण लॉर्डांच्या सभेने ते फेटाळले. १९१२ साली तिसरे विधेयक आले, तेव्हा उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातील प्रॉटेस्टंट लोकांनी त्याविरुद्ध कंबर कसली. सुमारे पावणेपाच लाख स्त्रीपुरुषांनी विरोधाच्या प्रतिज्ञापत्रकांवर सह्या केल्या. १९१४ च्या सप्टेंबरात त्या विधेयकाचा कायदा झाला खरा, परंतु महायुद्ध चालू असल्यामुळे त्याची अंमलबजावणी तहकूब राहिली. जे हातात पडले ते ओठापर्यंत पोहोचलेच नाही. डब्लिनच्या उठावानंतर पंधरा जणांना गोळ्या घालण्यात आल्या आणि लोकमत फिरले. १९१८ च्या निवडणुकीत होमरूलवाद्यांचा जुना पक्ष जवळजवळ नामशेष झाला. १९२१ च्या तहाने आयर्लंडास स्वतंत्र राज्य मिळाले. मात्र अल्स्टरमधील सहा परगणे ब्रिटनबरोबरच राहिले.

हा शब्द टिळकांनी का उचलला, हे समजणे कठीण नाही. राजद्रोहाच्या आरोपावरून सहा वर्षांची शिक्षा भोगून ते १९१४ साली मंडालेहून परतले होते. ‘स्वराज्य’ हा शब्द उच्चारताच सरकारचे कान टवकारत. परंतु ‘होमरूल’ हा शब्द खुद्द इंग्लंडच्या पंतप्रधानाने पार्लमेंटात मांडलेला. जो शब्द तेथे कायद्याच्या मसुद्यात शोभतो, तो येथे राजद्रोह कसा ठरणार? सरकारने ठरवून पाहिले. १९१६ च्या बेळगाव व अहमदनगर येथील व्याख्यानांबद्दल टिळकांकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागण्यात आले. जीनांनी मुंबई हायकोर्टात त्यांची बाजू मांडली आणि नोव्हेंबरात तो हुकूम रद्द झाला. राजाच्या सत्तेला विरोध नाही, मधल्या नोकरशाहीच्या बेजबाबदारपणाला विरोध आहे, हा भेद टिळकांनी त्या व्याख्यानांतून सामान्य माणसाला समजेल अशा भाषेत मांडला होता. २० ऑगस्ट १९१७ रोजी माँटेग्यू यांनी जबाबदार राज्यपद्धती क्रमाक्रमाने देण्याचे धोरण जाहीर केले, त्यामागे ह्या चळवळीचा दाब होता.

आता प्रश्न असा, की ह्या साऱ्याचा इंदुराशी संबंध काय? येथे तर होळकरांचे राज्य होते. राजा आपला, दरबार आपला. मग होमरूल आणखी कोणते हवे? वरवर बिनतोड वाटणारा हा युक्तिवाद दोन ठिकाणी लंगडा पडतो. पहिली गोष्ट, १८१८ च्या मंदसोरच्या तहापासून ह्या राजसत्तेवर इंग्रजांची देखरेख होती, आणि साऱ्या मध्य हिंदुस्थानावर नजर ठेवणारा गव्हर्नर जनरलचा एजंट ह्याच शहरातील रेसिडेन्सीत राहत असे. १९२६ साली तुकोजीराव महाराजांना गादी सोडावी लागली, तेव्हा अंतिम अधिकार कोणाचा हे सर्वांना दिसून आले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. राज्यकर्ता आपला असणे आणि तो आपल्याला जबाबदार असणे, ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. एजंटाला राजाकडे जाब मागता येत होता. प्रजेला येत नव्हता.

ह्या दुसऱ्या प्रश्नाचे एक उत्तर इंदूरकरांनी जवळून पाहिलेल्या एका व्यक्तीने दिले. १९३५ साली मराठी साहित्य संमेलन इंदुरास भरले, त्याचे अध्यक्ष औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी होते. त्याच बाळासाहेबांनी पुढे १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेली राज्यघटना अमलात आणून आपल्या ७२ गावांच्या संस्थानाचा कारभार प्रजेच्या प्रतिनिधींच्या हाती सोपविला. एका लहानशा संस्थानिकाने स्वखुशीने दिले, ते ग्लॅडस्टनसारख्या बलाढ्य पंतप्रधानाला आयर्लंडास देता आले नव्हते. इंदुरात तो दिवस स्वातंत्र्यानंतर उगवला. २८ मे १९४८ रोजी मध्यभारत संघाचे उद्घाटन झाले. ग्वाल्हेरचे जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख झाले, आणि होळकर संस्थानाचे वेगळे अस्तित्व संपले.

येथे अल्स्टरची आठवण होणे अपरिहार्य आहे. लोकराज्य आले म्हणजे बहुमत आले, आणि बहुमत आले म्हणजे अल्पसंख्याकाच्या मनात शंका आली. अल्स्टरच्या लोकांची शंका केवळ दुराग्रह म्हणून सोडून देता येत नाही. होळकरांच्या मागोमाग माळव्यात आलेल्या मराठी घराण्यांपुढेही, प्रमाण लहान असले तरी, जातीचा प्रश्न तोच होता. काल ज्यांची भाषा राजघराण्याची होती, ते आज मतदारांच्या गणनेत थोडे ठरले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मध्यभारत हिंदी भाषिक मध्यप्रदेशात विलीन झाले, तेव्हा तर ते अधिकच थोडे झाले. परंतु ह्या शहराची परंपरा निराळी होती. १९१७ साली ज्या इंदुरात मराठी साहित्य संमेलन भरले, त्याच इंदुरात १९१८ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन भरले. दोन्ही भाषांना आपले अंगण ह्या शहराने मोकळे करून दिले होते. म्हणूनच येथील मराठी माणसाने आपले घर वेगळे काढले नाही. त्याच घरात तो राहिला.

होमरूल म्हणजे घरचे राज्य. ‘राज्य कोणाचे’ ह्या प्रश्नावर आयर्लंडाने शंभराहून अधिक वर्षे झुंज दिली; ‘घर कोणाचे’ ह्या प्रश्नावर त्या देशाची फाळणी झाली. पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याने देता येते. दुसऱ्याचे उत्तर शेजाऱ्यांनी एकमेकांशी वागूनच द्यावे लागते, आणि ते प्रत्येक पिढीला नव्याने द्यावे लागते.