‘ॲरिझोना’चा ठसा

टपालाचा ठसा मारावयाचा तो तिकीट पुन्हा वापरले जाऊ नये म्हणून, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु पत्र कोठून व कोणत्या दिवशी निघाले याची साक्षही तोच देतो. बदलीच्या गावी घरच्या पत्राची वाट पाहणाऱ्यास पाकिटावर प्रथम ओळखीचे अक्षर दिसते आणि मागोमाग गावाचा ठसा. पण ज्या गावाचा मुक्काम आज एका बंदरात, तर महिन्याने दुसऱ्या समुद्रात, त्याचा ठसा इतिहासाच्या कामी येतो काय? आमच्या मते येतो, आणि ‘ॲरिझोना’ या अमेरिकन युद्धनौकेची पाकिटे हे त्याचे उत्तम उदाहरण होय.

अमेरिकन युद्धनौकांवर टपालकचेऱ्या उघडण्याचा कायदा १९०८ साली झाला. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी जगप्रदक्षिणेस धाडलेल्या सोळा युद्धनौका तेव्हा प्रवासातच होत्या. नौकेवरील एखाद्या खलाशासच टपाल कारकून नेमीत. त्याच्या ठशातील वर्तुळात नौकेचे नाव व तारीख असे, आणि तिकिटावर उमटणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या मधल्या जागेत पुष्कळदा बंदराचे किंवा एखाद्या सणाचे नाव बसविलेले असे.

‘ॲरिझोना’ न्यूयॉर्कच्या नौदल गोदीत बांधली गेली आणि १७ ऑक्टोबर १९१६ रोजी सेवेत रुजू झाली. लांबी ६०८ फूट, चौदा इंची तोफा बारा. पहिल्या महायुद्धात तिच्या वाट्यास लढाई आली नाही. पुढील वीस-बावीस वर्षेही कवायती, दुरुस्त्या व बंदरभेटी यांतच गेली. मार्च १९३१ मध्ये अध्यक्ष हूव्हर तिच्यावरून पोर्टो रिकोस गेले. मार्च १९३३ च्या भूकंपात लाँग बीच हादरले, तेव्हा तिचे खलाशी मदतीस धावले. १९३४ साली तर तिच्यावर एका चित्रपटाचे चित्रीकरणही झाले.

नौकांचे ठसे जमविण्याचा छंद भरास आला तो याच काळात. अमेरिकेत मंदीचे दिवस होते, पाकिटास तीन सेंट पुरत. संग्राहक स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट दुसऱ्या पाकिटात घालून नौकेच्या टपाल कारकुनास विनंतीपत्रासह पाठवी, आणि कारकून त्यावर ठसा मारून ते परत धाडी. १९३२ साली या छांदिष्टांची संस्थाही निघाली, डॉ. फ्रान्सिस लोसी यांनी ठशांचे प्रकार पाडून त्यांस अक्षरे दिली. तोफांच्या छायेत बसलेला एक खलाशी कोणा अनोळखी शाळकरी मुलाच्या पाकिटावर ठसा नीट उमटावा म्हणून जपतो, हे चित्र आम्हांस मोठे लोभस वाटते.

७ डिसेंबर १९४१ रोजी सकाळी पर्ल हार्बर येथे जपानी विमानांचा बॉम्ब नौकेच्या पुढील भागात शिरला आणि दारूगोळ्याचे कोठार उडाले. ॲडमिरल किड व कप्तान व्हॅन व्हाल्केनबर्ग यांच्यासह ११७७ जण गेले. नौकेच्या वाद्यवृंदातील एकही वादक वाचला नाही.

या संहारामुळे अखेरच्या महिन्यांतील पाकिटांस भारी किंमत येते, आणि जेथे किंमत तेथे बनावट आलीच. अशा वेळी ठशावरील तारीख नौकेच्या रोजनिशीशी ताडून पाहावी लागते. त्या दिवशी नौका खरोखर त्या बंदरात होती काय, हे तेथे कळते. आमचे मन मात्र त्या महाग पाकिटांपेक्षा १९३५-३६ च्या साध्या पाकिटांवर अधिक जडते. नौकेचा अंत साऱ्या जगास ठाऊक आहे. शांततेच्या काळातील तिचे दिवस, नाताळ आणि नौदलदिन, हे या स्वस्त कागदांनी जपले आहेत, आणि त्यांवर ठसा मारणाऱ्या हाताला पुढचे काहीच ठाऊक नव्हते.

अमेरिका युद्धात उतरल्यावर ठशांतून नौकांची नावेच काढून टाकण्यात आली. शत्रूस ठावठिकाणा कळू नये म्हणून ‘यू. एस. नेव्ही’ एवढीच अक्षरे उरली. आपल्या नौदलातील माणसासही आपण ‘फ्लीट मेल ऑफिस’मार्फतच पत्र लिहितो, नौका कोठे आहे, हे पाकीट सांगत नाही. ‘ॲरिझोना’चा सांगाडा आजही पर्ल हार्बरच्या तळाशी आहे. त्यावरील स्मारक १९६२ साली खुले झाले, आणि नौकेच्या टाक्यांतील तेल अद्याप थेंबाथेंबाने वर येत असते.